आठ तासांची लॅब, दुसऱ्यांदा

निकालाचा मेल आला तेव्हा मी म्हैसूरमध्ये, सरस्वतीपुरममधल्या भाड्याच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसलो होतो. मेलमध्ये फार काही नव्हतं. नापास, आणि खाली विषयवार टक्के. कोणतं टास्क चुकलं, कुठली ओळ राहून गेली, किती थोडक्यात हुकलं, यातलं काही त्यात नसतं. सव्वा लाखाच्या वर फी, वर्षभराच्या रात्री, आणि हातात पाच आकडे. ते आकडे कसे वाचायचे आणि पुन्हा त्याच खुर्चीत बसायची तयारी कशी करायची, हे कुणी मला मराठीत सावकाश सांगितलं असतं, तर मधले दोन महिने वाचले असते. म्हैसूरला नोकरीसाठी, हेब्बाळच्या मोठ्या संकुलात प्रशिक्षणासाठी, सांगली-सोलापूर-अकोल्याची किती तरी मुलं येतात. त्यातली काही नेटवर्किंगकडे वळतात आणि या परीक्षेचं नाव कधी ना कधी ऐकतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

परीक्षा म्हणजे सिस्कोची सीसीआयई. ती १९९३ साली सुरू झाली. उत्तीर्ण होणाऱ्याला क्रमांक मिळतो आणि तो आयुष्यभर त्याच्या नावापुढे राहतो. क्रमांकांची सुरुवात १०२४ पासून झाली, कारण संगणकवाल्यांना तो गोल आकडा. तो पहिला क्रमांक कुणा माणसाला न देता प्रयोगशाळेलाच दिला गेला. सिस्कोबाहेरचा पहिला उत्तीर्ण टेरी स्लॅटरी, क्रमांक १०२६. त्या काळी लॅब दोन दिवसांची होती. पहिल्या दिवशी नेटवर्क उभारायचं, पुरेसे गुण असतील तरच दुसऱ्या दिवशी यायचं, आणि तुम्ही उभारलेल्या नेटवर्कमध्ये परीक्षक मुद्दाम बिघाड करून ठेवायचे ते शोधायचे. २००१ च्या ऑक्टोबरपासून ती एका दिवसाची, आठ तासांची झाली. विषय बदलत गेले, पण आठ तास तेच राहिले.

आजचं रूप असं आहे. आधी लेखी परीक्षा. ती झाली की लॅबला बसायचा हक्क मिळतो. एंटरप्राइज शाखेच्या लॅबचे दोन भाग आहेत: पहिले तीन तास डिझाइन, नंतरचे पाच तास प्रत्यक्ष उभारणी, चालवणं आणि सुधारणा. दोन्ही भागांत किमान गुण लागतात आणि एकूणही ठरलेली रेषा ओलांडावी लागते. एका भागात शंभर मिळवून दुसऱ्याची भरपाई होत नाही. फी सुमारे १६०० डॉलर, आणि प्रत्येक प्रयत्नाला पुन्हा तेवढीच. भारतातलं केंद्र बंगळुरूला आहे, म्हणजे म्हैसूरकरासाठी जवळच. मात्र ही जवळीक फसवी आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

आता ते पाच आकडे. अभ्यासक्रमाचे पाच विभाग आहेत आणि प्रत्येकाचं वजन सिस्कोनं जाहीर केलेलं आहे: नेटवर्कचा पाया ३० टक्के, सॉफ्टवेअरच्या ताब्यातलं नेटवर्क (एसडी-वॅन वगैरे) २५, आणि वाहतूक तंत्रं, सुरक्षा व सेवा, ऑटोमेशन हे प्रत्येकी १५. निकालातला टक्का त्या विभागापुरता असतो, एकूणातला नसतो. मला ऑटोमेशनमध्ये ९० होते आणि पायात ६०. पहिल्या रात्री मी मनाशी म्हटलं, पाया ठीकठाक आहे, कच्चं आहे ते एसडी-वॅन. हिशेब मांडल्यावर चित्र उलटं निघालं. ऑटोमेशनचे ९० म्हणजे एकूणातले साडेतेरा, आणि पायाचे ६० म्हणजे अठरा. पायात मी एकूणातले बारा गुण सोडून आलो होतो, ऑटोमेशनमध्ये जेमतेम दीड. ज्या विषयाला मी सोपा समजून वर्षभर हात लावला नव्हता, तिथेच सगळं गळालं होतं. तेव्हा निकाल आला की आधी वजनानं गुणून एकूणात किती गेले ते लिहा, आणि त्याच क्रमानं अभ्यास लावा.

पण गुण गेले कसे, हे आकडे सांगत नाहीत. ते आठवणीतून काढावं लागतं, आणि पहिल्या दोन दिवसांतच काढावं लागतं. एक गोष्ट मात्र पाळायची. परीक्षेतला मजकूर कुणाला सांगायचा नाही असा करार आपण सही करून आलेलो असतो, आणि तो मनापासून पाळावा. मी वहीत प्रश्न लिहिले नाहीत, फक्त माझ्या चुकांची जात लिहिली. ‘टास्कची शेवटची अट वाचली नाही.’ ‘एका टोकाकडून तपासलं, दुसऱ्या टोकाकडून नाही.’ ‘नंतरच्या टास्कनं आधीचं टास्क मोडलं, कळलं नाही.’ ‘सेव्ह उशिरा.’ पान भरलं तेव्हा दिसलं की माहीत नव्हतं म्हणून चुकलेल्या गोष्टी फार थोड्या होत्या. बहुतेक चुका माहीत असलेल्या गोष्टींतल्या होत्या. या परीक्षेत टास्कला अर्धे गुण नसतात. पाच अटींपैकी चार पुऱ्या आणि एक राहिली, तर शून्य. त्यामुळे पुष्कळ येत असलेला माणूसही नापास होतो, आणि तयारीत फक्त नवीन प्रकरणं वाढवत गेला तर पुन्हा नापास होतो.

यातली तिसरी चूक, ‘नंतरच्या टास्कनं आधीचं मोडलं’, नीट उलगडून सांगतो. या परीक्षेचा स्वभाव त्यात दिसतो. उदाहरण परीक्षेतलं नाही, माझ्या घरच्या लॅबमधलं आहे.

एका बाजूला ईआयजीआरपी या राउटिंग प्रोटोकॉलवर चालणारं नेटवर्क, दुसऱ्या बाजूला ओएसपीएफ या दुसऱ्या प्रोटोकॉलवर चालणारं. सीमेवर दोन राउटर, दुसरा आणि तिसरा. दोघेही दोन्ही भाषा बोलतात आणि इकडचे मार्ग तिकडे, तिकडचे इकडे सांगतात. याला आम्ही रीडिस्ट्रिब्युशन म्हणतो. दोन राउटर अशासाठी की एक पडला तरी दुसरा चालावा. ईआयजीआरपीच्या बाजूला आत चौथा राउटर आहे, त्याच्या पलीकडे पहिला. पहिला राउटर बाहेरचा एक पत्ता, त्याला ‘क्ष’ म्हणू, ईआयजीआरपीत आणतो. ओएसपीएफच्या बाजूला दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये पाचवा.

एकच पत्ता दोन प्रोटोकॉलकडून कळला, तर राउटर कोणावर विश्वास ठेवतो? सिस्कोच्या राउटरमध्ये यासाठी ठरलेले आकडे आहेत, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स. लहान आकडा म्हणजे जास्त विश्वास. थेट जोडलेलं ०, हातानं लिहिलेला मार्ग १, ईआयजीआरपीच्या आतला ९०, ओएसपीएफ ११०, आणि ईआयजीआरपीत बाहेरून आणलेला १७०. अनर्थ या शेवटच्या दोन आकड्यांत आहे.

दुसऱ्या राउटरला क्ष चौथ्याकडून ईआयजीआरपीतून कळला, विश्वास १७०. त्यानं तो ओएसपीएफमध्ये सांगितला. तिसऱ्याला क्ष आता दोन तोंडांनी ऐकू येतो: चौथ्याकडून थेट, १७० नं, आणि पाचव्याकडून ओएसपीएफमधून, ११० नं. तो ११० वर विश्वास ठेवतो. खरा रस्ता शेजारी उभा असताना वळसा घालून जाणारा निवडतो. एवढ्यावर थांबलं असतं तर फक्त वळसा पडला असता. पण रीडिस्ट्रिब्युशनमध्ये राउटर सांगतो ते आपल्या मार्गपत्रकातलं, म्हणजे स्वतः निवडलेलं. तिसऱ्यानं निवडलेला मार्ग ओएसपीएफचा, तेव्हा तोच तो परत ईआयजीआरपीत सांगतो. सांगताना मेट्रिक आपण दिलेलं असतं: बँडविड्थ, डिले, रिलायबिलिटी, लोड, एमटीयू. ते पाच आकडे दिले नाहीत तर ओएसपीएफचा मार्ग ईआयजीआरपीत शिरतच नाही. मी गडबडीत एक गिगाबिट लिहिलं होतं, आणि पहिल्या राउटरनं क्ष आणताना दहा मेगाबिट. चौथ्याला वाटलं, क्षकडे जायचा झकास रस्ता तिसऱ्याकडून आहे.

आता एक पॅकेट क्षकडे सोडा. चौथा ते तिसऱ्याला देतो, तिसरा पाचव्याला, पाचवा दुसऱ्याला, आणि दुसरा चौथ्याला. पुन्हा तिसऱ्याला. पॅकेटमधला टीटीएल शून्य होईपर्यंत ते याच चौघांत फिरत राहतं. ट्रेसरूट लावला की तेच चार पत्ते एकामागून एक पुन्हा पुन्हा येताना दिसतात. यातलं सर्वात घातक म्हणजे हे चक्र स्थिर असतं. कुठेही लाल दिवा नाही, सगळे शेजारी जोडलेले, मार्गपत्रकं भरलेली. दुसरा राउटर रीलोड केला की बहुधा तिसरा त्याची जागा घेतो आणि चक्र उलट्या दिशेनं फिरू लागतं. मी आधीचं टास्क सोडवलं तेव्हा सगळं चालत होतं. नंतरच्या टास्कनं दुसऱ्या सीमेवर रीडिस्ट्रिब्युशन लावलं आणि आधीचं गेलं.

उपाय टॅगचा. ईआयजीआरपीतून ओएसपीएफमध्ये जाताना दोन्ही सीमांवर मार्गाला ९० चा टॅग लावायचा, आणि ओएसपीएफमधून ईआयजीआरपीत येताना ९० टॅगचा मार्ग नाकारायचा. उलट दिशेसाठी ११० घेऊन तसंच. ज्या गावातून निघाला त्या गावात दुसऱ्या वेशीनं परत शिरायचं नाही, एवढंच आपण सांगतो. हे केलं की चक्र तुटतं.

इथे बहुतेक जण थांबतात. मीही थांबलो होतो. पण वळसा अजून आहेच. टॅगमुळे तिसरा खोटी बातमी पुढे सांगत नाही, पण स्वतः अजून ओएसपीएफवरच विश्वास ठेवतो आणि आपलं क्षचं पॅकेट पाचव्यातून फिरवून पाठवतो. टास्कमध्ये ‘सर्वात जवळच्या रस्त्यानं’ अशी अट असेल तर गुण शून्य. मग कुणी म्हणेल, तिसऱ्यावर ओएसपीएफच्या बाहेरच्या मार्गांचा आकडा ११० वरून १८० करा, म्हणजे १७० जिंकेल. क्षसाठी जिंकेल. पण ओएसपीएफच्या बाजूनं खरोखर आलेला बाहेरचा पत्ता, ‘य’ म्हणा, तो दुसऱ्यानं ईआयजीआरपीत सांगितलेला असणार, आणि तिथेही १७० विरुद्ध १८०. आता य चुकीच्या बाजूनं जाईल. म्हणून आकडा सरसकट वाढवायचा नाही. ओएसपीएफमधून मार्गपत्रकात घेतानाच ९० टॅगचे मार्ग गाळायचे, म्हणजे क्षसाठी ईआयजीआरपी उरतो आणि यला धक्का लागत नाही. याचीही किंमत आहे: तिसऱ्याचा चौथ्याशी दुवा तुटला तर क्षसाठी त्याच्याकडे पर्यायी रस्ता उरत नाही. तो हवा की नको, हे टास्कच्या शब्दांवर ठरतं. म्हणूनच टास्क दोनदा वाचायचं असतं.

हे एक उदाहरण मी घरी चाळीसेक वेळा तरी उभारलं. प्रत्येक वेळी सीमेवरचे दोन्ही राउटर एकेक करून रीलोड केले, कारण हा दोष कोण आधी उठतो यावर रूप बदलतो. सकाळी चाललेलं संध्याकाळी मोडतं ते यामुळे.

घरच्या लॅबबद्दल दोन शब्द. पूर्वी लोक खरे राउटर आणि स्विच विकत घेऊन खोलीत रॅक उभारत किंवा तासावर रॅक भाड्यानं घेत. आता बहुतेक काम एका यंत्रात होतं. ईव्ह-एनजी, जीएनएस-थ्री किंवा सिस्कोचं स्वतःचं सीएमएल, यांपैकी काहीही चालेल. मी बंगळुरूच्या एसपी रोडवरून जुनं वर्कस्टेशन आणून त्यात ६४ जीबी रॅम घातली. नुसत्या राउटिंगला एवढी लागत नाही. जुन्या धाटणीचा आभासी राउटर अर्ध्या जीबीत उठतो. पण एसडी-वॅनचा व्हीमॅनेज एकटाच १६ जीबी आणि त्याहून जास्त मागतो. हाती ८ जीबीचा लॅपटॉप असेल तर पाया त्यावर पक्का करा आणि एसडी-वॅनपुरते काही तास भाड्यानं घ्या. पायाचे ३० टक्के त्या लॅपटॉपवर पूर्ण होतात.

दुसऱ्या खेपेला मी तयारीची पद्धत बदलली. पहिल्या वर्षी संध्याकाळी कोरं नेटवर्क घेऊन उभारत बसायचो. आता उभारलेलं नेटवर्क मोडून ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी शोधायचो. खोलीतला जोडीदार नेटवर्कवाला नव्हता, तरी मी लिहून दिलेल्या वीस बिघाडांपैकी कुठलेही तीन तो लावून ठेवायचा. ओएसपीएफचे शेजारी एक्सस्टार्टमध्ये अडकले की दोन टोकांचा एमटीयू जुळत नाही, हे पाहायला पुस्तक उघडावं लागू नये. हॅलो १० आणि डेड ४० सेकंद, एका बाजूला ३० आणि १२० असेल तर शेजार जमणारच नाही. आणि टू-वेवर थांबलेला प्रत्येक शेजारी बिघडलेला नसतो: एकाच स्विचवरच्या दोन राउटरांपैकी कुणीच डीआर किंवा बीडीआर नसेल तर ते तिथेच राहतात, तसंच असायला हवं. नसलेला बिघाड दुरुस्त करण्यात मी पहिल्या वेळी पंचवीस मिनिटं घालवली होती.

रविवारी चामुंडी टेकडीच्या पायऱ्या चढायचो. हजारावर पायऱ्या आहेत, वाटेत तो मोठा नंदी. चढताना मनात एखादं नेटवर्क काढायचं आणि एका पॅकेटला टोकापासून टोकापर्यंत चालवायचं: इथे कोणत्या पत्रकात पाहील, पुढचा पत्ता कुठून शोधेल, परत येताना त्याच रस्त्यानं येईल का. परतीचा रस्ता विसरणं ही माझी जुनी खोड. ती स्क्रीनसमोर गेली नाही, पायऱ्यांवर गेली.

डिझाइनच्या तीन तासांकडे लोक दुर्लक्ष करतात. तिथे कमांड लिहायची नसते. एका काल्पनिक कंपनीची कागदपत्रं, मेल आणि आकृत्या वाचायच्या आणि त्यातून निर्णय घ्यायचा. एकदा पुढे गेलं की मागे येता येत नाही, कारण पुढची माहिती मागच्या प्रश्नाचं उत्तर उघड करू शकते. याची तयारी पुस्तकानं होत नाही. मी कामावर येणारे मोठे मेल वाचून दोन ओळींत लिहायचो: यांना हवंय काय, आणि काय चालणार नाही. ‘काय चालणार नाही’ ही ओळ जास्त महत्त्वाची. उत्तरं बहुधा तिच्यामुळे ठरतात.

आणि एक अप्रिय गोष्ट. फुटलेल्या प्रश्नांची वर्कबुकं बाजारात मिळतात. मलाही देऊ केली होती, आणि नापास झाल्यानंतरच्या आठवड्यात मन कच्चं असतं, हे मी जाणतो. घेऊ नका. करार मोडला तर सिस्को क्रमांक काढून घेऊ शकते, हे झालंच. पण ज्या नेटवर्कवर एखाद्या हॉस्पिटलचे फोन किंवा बँकेचे व्यवहार चालतात, तिथे रात्री दोनला ते चार पत्ते फिरताना दिसतात, आणि पाठ केलेलं उत्तर तिथे कामाला येत नाही. ज्यानं तो क्रमांक पाहून तुम्हाला बोलावलेलं असतं, त्याची फसवणूक होते.

आता प्रवास. म्हैसूर-बंगळुरू जेमतेम दीडशे किलोमीटर. २०२३ च्या मार्चमध्ये द्रुतगती महामार्ग खुला झाल्यापासून तर वाटतं, पहाटे निघून पोचू. पहिल्या वेळी मी तेच केलं. पण सिस्कोचं संकुल शहराच्या पार पूर्वेला, बाह्य रिंग रोडवर कडुबीसनहळ्ळीला आहे, म्हणजे म्हैसूरकडून आत शिरून अख्खं शहर ओलांडायचं. सकाळच्या त्या रस्त्यावर मी पोचलो तो घामेजलेला आणि आतून हललेला. दुसऱ्या वेळी आदल्या दुपारीच रेल्वेनं गेलो, केंद्राजवळ उतरलो, चालत जाऊन फाटक पाहून आलो आणि पुस्तक उघडलं नाही. कोणत्या पत्त्यावर, किती वाजता, कोणतं ओळखपत्र, हे पुष्टीच्या मेलमध्ये असतं. तोच मेल प्रमाण मानायचा.

पाच तासांचा भाग म्हणजे तीनशे मिनिटं. पहिली वीस मिनिटं हात की-बोर्डवर ठेवले नाहीत. सगळी टास्कं वाचली, कोणतं कोणावर अवलंबून आहे ते कागदावर बाणांनी काढलं, आणि जिथे दोन टास्कं एकाच राउटरवर भेटतात तिथे गोल केला. नंतर काम. पंधरा मिनिटांत न सुटणारं टास्क सोडून पुढे. प्रत्येक टास्कनंतर सेव्ह, आणि तपासणी दोन्ही टोकांकडून. अवघड वाटलेलं एक टास्क मी अजिबात सोडवलं नाही. त्या वेळात गोल केलेल्या जागा पुन्हा पाहिल्या आणि आधी चालणारं एक टास्क मोडलेलं सापडलं. शेवटची पन्नास मिनिटं नवीन काही न लिहिता पहिल्या टास्कपासून सगळं पुन्हा तपासलं.

मेल पुन्हा त्याच खोलीत आला. या वेळी त्यात क्रमांक होता. सांगलीला आईला फोन केला. तिनं आधी विचारलं, जेवलास का. या दर्जाचं दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, तेव्हा अभ्यास चालूच आहे.

गेल्या महिन्यात सोलापूरचा एक मुलगा घरी आला, लेखी नुकतीच उत्तीर्ण झालेला. “दादा, लॅबची फाइल द्याल?” मी पेनड्राइव्हवर दिली, तीच पाच राउटरांची. देण्याआधी एका सीमेवरची टॅगची एक ओळ काढून टाकली. कोणत्या सीमेवरची, ते त्याला सांगितलेलं नाही.